वारा आहे, मग भिरभिरे का फिरत नाही?

बागेत वाऱ्यावर फिरणारी शोभेची वस्तू हौसेने आणून लावणाऱ्या गृहस्थास पहिल्या आठवड्यातच जो प्रश्न पडतो, तो बहुधा असा असतो, की नारळाच्या झावळ्या हलताहेत, गच्चीवरचे कपडे फडफडताहेत, समोरच्या देवळाच्या शिखरावरचा ध्वज ताठ उभा राहिला आहे, आणि इतके असूनही आपल्या गुलाबाच्या वाफ्यात रोवलेले रंगीत चक्र जागचे हलत नाही, किंवा हलले तरी एखादी गिरकी घेऊन पुन्हा थबकते, याचे कारण काय? दुकानात पंख्यासमोर धरले असता तेच चक्र किती डौलाने फिरत होते! तेव्हा दुकानदाराने सदोष माल गळ्यात मारला असावा, असा संशय येणे स्वाभाविक आहे. परंतु या प्रश्नाचे उत्तर वस्तूत थोडे आणि बागेतल्या वाऱ्यात फार दडलेले असते, आणि तो वारा एकदा ओळखता आला, म्हणजे साध्या कागदाच्या भिरभिऱ्यापासून पत्र्याच्या भव्य चक्रापर्यंत कोणतीही वस्तू कोठे, किती उंच आणि कोणत्या तोंडाने लावावी, हे ज्याचे त्यालाच ठरवता येते.

१. हवेचे वजन आणि वाऱ्याचे बळ

हवा डोळ्यांस दिसत नाही म्हणून तिला वजन नाही, असा जो सर्वसाधारण समज असतो, तो प्रथम दूर केला पाहिजे. १ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि १ मीटर उंच एवढ्या जागेत मावणारी हवा सुमारे १.२ किलो भरते. म्हणजे ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच अशा मामुली खोलीतील हवेचे वजन ४० किलोंच्या वर जाते. एवढी वजनदार वस्तू वाहू लागली, की तिच्या अंगी दुसऱ्या वस्तूस ढकलण्याचे सामर्थ्य येते, आणि हे सामर्थ्य वेगाबरोबर ज्या प्रमाणात वाढते ते प्रमाण ध्यानात ठेवणे फार अगत्याचे आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर एका सेकंदात चक्रावर येऊन आदळणारी हवा दुप्पट होतेच, पण शिवाय त्या हवेच्या प्रत्येक कणातील गतीची शक्तीही चौपट झालेली असते. दोहोंचा गुणाकार केला म्हणजे वाऱ्याचे बळ आठपट होते. वेग तिप्पट झाल्यास याच हिशेबाने ते सत्तावीसपट होते.

एक लहानसे उदाहरण घेऊ. ४० सेंटिमीटर व्यासाचे चक्र आहे, आणि वारा ताशी ११ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ मीटर वेगाने वाहत आहे. त्या चक्राच्या घेरातून जाणाऱ्या वाऱ्यात दर सेकंदास २ किलो वजन १० सेंटिमीटर उचलता येईल इतके बळ असते. वेग निम्म्यावर आला, की तेच बळ पाव किलोवर उतरते. यातलेही सगळे चक्राच्या वाट्यास येत नाही. सगळे बळ काढून घ्यावयाचे तर हवा चक्रामागे जागीच थांबावी लागेल, आणि ती थांबली तर मागून येणाऱ्या हवेस वाटच उरणार नाही. म्हणून उत्तमातल्या उत्तम पवनचक्कीलाही वाऱ्याच्या शक्तीपैकी शेकडा ५९ हून अधिक हिस्सा घेता येत नाही, हे जर्मन शास्त्रज्ञ आल्बेर्ट बेट्झ यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात गणिताने दाखवून दिले. शोभेच्या चक्राच्या वाट्यास त्याहूनही कितीतरी कमी येते.

वाऱ्याचा वेग मोजण्यास यंत्रच हवे असे नाही. फ्रान्सिस ब्यूफर्ट या आरमारी अधिकाऱ्याने १८०५ साली समुद्रावरील वाऱ्याची जी प्रतवारी लावली, तिला पुढे जमिनीवरच्या खुणांची जोड मिळाली, आणि त्या खुणा कोणालाही अंगणात उभे राहून पाहता येतात. चेहऱ्यास वारा जाणवू लागला आणि पाने सळसळू लागली, की वेग ताशी ६ ते ११ किलोमीटर समजावा. पाने व बारीक डहाळ्या सतत हलत राहिल्या आणि हलके निशाण पसरले, की १२ ते १९. धूळ आणि कागदाचे कपटे उडू लागले, की २० ते २८. आता आरंभीच्या प्रश्नाकडे पाहा. देवळाच्या शिखराशी ध्वज पसरला आहे, म्हणजे तेथे ताशी १५ किलोमीटरच्या आसपास वारा आहे. गुलाबाच्या वाफ्यात, भिंतीच्या आडोशाला, गुडघाभर उंचीवर तोच ५ वर आला असेल, तर तेथील चक्राला शिखरावरच्या वाऱ्याच्या बळाचा सत्ताविसावा हिस्सा मिळतो आहे. चक्राकडे कसूर नाही. त्याला शिधाच पोचलेला नाही.

२. पाते फिरते कशाने?

कोकणातील मुले माडाच्या झावळीची पाती सोलून, त्यांच्या घड्या एकमेकींत गुंतवून आणि मध्यभागी हीर खुपसून जे भिरभिरे करतात, ते हाती घेऊन नीट न्याहाळले, तर या विद्येचे मर्म त्यातच सापडते. त्याची चारही टोके सपाट नसतात. प्रत्येक पातीस एकाच बाजूला किंचित पीळ असतो. समोरून आलेला वारा या तिरक्या पातीवर आदळतो, तेव्हा त्याला सरळ पुढे जाता येत नाही. तो उतारावरून घसरल्याप्रमाणे एका अंगास वळतो, आणि वळता वळता पातीस उलट अंगास रेटतो. वरची पाती डावीकडे रेटली जाते, खालची उजवीकडे, डावीकडची खाली आणि उजवीकडची वर. आणि सगळ्यांचा पीळ एकाच रोखाचा असल्यामुळे हे सगळे रेटे एकमेकांस साहाय्य करून चक्राला एकाच दिशेने फिरवतात. दोन पात्यांचा पीळ उजवा आणि दोघींचा डावा ठेवून पाहावा. भिरभिरे वाऱ्यात थरथरत राहील, पण फिरणार नाही.

पाते किती तिरके असावे, हा पुढचा प्रश्न. याचे उत्तर मुळाशी एक आणि टोकाशी दुसरे असे आहे. ४० सेंटिमीटर व्यासाचे चक्र सेकंदाला दोन फेऱ्या घेत असेल, तर त्याच्या पात्याचे टोक सेकंदात अडीच मीटर अंतर काटते, म्हणजे ३ मीटर वेगाच्या वाऱ्याशी ते जवळजवळ बरोबरी करते. पळणाऱ्या माणसाच्या तोंडावर त्याच्या पळण्यानेच वारा येतो, तसा या टोकालाही समोरून वारा लागतो, आणि खरा वारा व हा पळण्यातला वारा मिळून त्याला लागणाऱ्या वाऱ्याची दिशा पालटते. आसाजवळचा भाग मात्र फारसा पळत नसल्याने त्याला वारा जवळजवळ सरळच लागतो. म्हणून चांगला कारागीर पात्याला मुळाशी अधिक पीळ देतो आणि टोकाकडे ते चक्राच्या पृष्ठाशी समांतर होत जाईल असे वळवतो. पत्र्याची पाती सबंध लांबीभर एकाच कोनात वाकवलेली चक्रे बाजारात मुबलक मिळतात. ती फिरत नाहीत असे नव्हे, पण मंद वाऱ्यात त्यांचा आळस दिसून येतो.

३. पाती किती असावीत?

साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर वीज निर्माण करणाऱ्या ज्या पवनचक्क्या आहेत, त्यांना तीनच पाती असतात, आणि अमेरिकेत डॅनियल हॅलाडे यांनी १८५४ साली विहिरीचे पाणी उपसण्यासाठी जी स्वयंनियंत्रित पवनचक्की केली, तिच्या पुढच्या आवृत्त्यांचे चक्र अनेक पात्यांनी गच्च भरलेले असे. दोन्ही पवनचक्क्याच, मग एवढी तफावत का? कारण दोघींकडून अपेक्षा निराळ्या आहेत. थोडी आणि निमुळती पाती वेगाने फिरतात, आणि विजेला तो वेग हवा असतो. परंतु स्थिर असलेले चक्र प्रथम हलवण्यास लागणारा जोर त्यांना मंद वाऱ्यातून मिळत नाही. पुष्कळ आणि रुंद पाती वाऱ्याच्या वाटेत अधिक पृष्ठभाग आडवा घालतात, त्यामुळे झुळकीसरशी चक्र चालू लागते, मात्र ते सावकाश फिरते, आणि विहिरीचा दट्ट्या खालीवर करण्यास असा सावकाश पण जोरकस फेरच उपयोगी असतो.

बागेतल्या चक्राने विहिरीच्या पवनचक्कीचाच कित्ता गिरवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आठ ते बारा रुंद पाती, त्यांच्यामध्ये थोडीशी फट, आणि फेर संथ. अतिवेगाने फिरणाऱ्या चक्रात पाहण्यासारखे काही उरतच नाही. आठ पात्यांचे चक्र सेकंदाला तीन फेऱ्या घेऊ लागले, की एका सेकंदात चोवीस पाती डोळ्यांपुढून जातात, म्हणजे चित्रपटाच्या पडद्यावर जितकी चित्रे सेकंदाला सरकतात तितकी, आणि मग रंग मिसळून नुसती धूसर तबकडी दिसते.

४. चारी दिशांचा वारा

आतापर्यंत ज्या चक्राचा विचार केला, त्याचा आस जमिनीस समांतर असतो, म्हणजे त्याने वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले पाहिजे. वारा बाजूने आला, तर ते निरुपयोगी ठरते. यावर जुना उपाय म्हणजे शेपूट. चक्र आणि शेपूट एका दांड्यावर बसवून तो दांडा उभ्या खुंटीवर मोकळा फिरेल असा ठेवायचा. खुंटीच्या मागचा भाग पुढच्या भागाहून रुंद आणि लांब असला, की बाजूचा वारा मागच्या भागास अधिक रेटतो, दांडा वळतो आणि चक्राचे तोंड आपोआप वाऱ्यासमोर येते. यात एका गोष्टीची खबरदारी घ्यावी लागते. खुंटी ओळंब्यात नसली, थोडी जरी कलली, तरी जड शेपूट उताराच्या बाजूस जाऊन बसते आणि मंद वाऱ्यात तेथून हलत नाही. वारा पश्चिमेचा आणि चक्र दक्षिणेकडे पाहत उभे, असे दृश्य जेथे दिसते, तेथे बहुधा ओळंबा लावलेला नसतो.

दुसरा मार्ग आस उभा ठेवण्याचा. इराणच्या रझवी खोरासान प्रांतात नश्तिफान गावी धान्य दळणाऱ्या ज्या प्राचीन धाटणीच्या पवनचक्क्या आहेत, त्यांचे आस उभेच आहेत. आयर्लंडातील टॉमस रॉम्नी रॉबिन्सन यांनी १८४६ साली वाऱ्याचा वेग मोजण्यासाठी चार अर्धगोल वाट्यांचे जे यंत्र प्रचारात आणले, तेही उभ्या आसावरच फिरते. वाटीच्या पोकळ बाजूवर वारा आला, तर तो आत अडकतो. तोच फुगीर पाठीवर आला, तर दोन्ही अंगांनी निसटून जातो. पोकळ बाजूवरचा रेटा पाठीवरच्या रेट्याच्या तिपटीहून अधिक असतो, आणि या तफावतीवरच वाट्या फिरतात. फिनलंडचे सिगुर्ड साव्होनियस यांनी १९२० च्या दशकात पिंप उभे चिरून, त्याचे दोन अर्ध एकमेकांपासून थोडे सरकवून जोडले आणि त्याच तत्त्वावर चालणारे चक्र सिद्ध केले. अशा चक्रांना वारा कोठून येतो याची फिकीर नसते. ज्या बागेभोवती इमारती आहेत आणि वारा घटकेघटकेस दिशा बदलतो, तेथे शेपटीचे चक्र गोंधळून नुसते डोलत राहते. तेथे वाट्यांचे किंवा साव्होनियसच्या धाटणीचे चक्र लावावे, हे उत्तम.

५. जागेची निवड

ओढ्याच्या पाण्याकडे पाहिले असता मध्यभागी ते वेगाने जाते, काठाशी रेंगाळते आणि मोठ्या धोंड्यामागे उलटे फिरून भोवरा करते. जमिनीलगत वाहणाऱ्या वाऱ्याची स्थितीही तंतोतंत अशीच असते. जमीन, गवत, झुडपे आणि कुंपणे यांच्याशी घासून तळचा वारा मंदावतो आणि उंचीबरोबर त्याचा वेग वाढत जातो. चक्र गुडघ्याच्या उंचीवरून पुरुषभर उंचीवर नेल्यास वेग सव्वापट जरी झाला, तरी मागे सांगितलेल्या हिशेबाने बळ जवळजवळ दुप्पट होते. नवी वस्तू विकत घेण्यापूर्वी जुनीचाच खांब उंच करून पाहावा, असे मी सांगतो, ते याच कारणाने.

भिंतीचा आडोसा त्याहूनही घातक. दीड मीटर उंचीची भरीव भिंत वाऱ्याच्या वाटेत असेल, तर तिच्या मागे पंधराएक मीटरपर्यंत वारा मंदावलेला आणि भोवऱ्यांनी बिघडलेला राहू शकतो, आणि वरच्या बाजूस तिच्या उंचीच्या दुपटीपर्यंत त्याची गडबड जाणवते. मेंदीचे किंवा कोरांटीचे कुंपण या बाबतीत पुष्कळ बरे. त्यातून थोडा वारा पार होत असल्यामुळे मागे भोवरे कमी पडतात. आपल्या नगरांतील बंगल्यांची आवारे पाहिली, तर चहूकडून भरीव भिंत घातलेल्या जागेत मध्यभागी, कारंज्याच्या शेजारी, चक्र लावण्याचा प्रघात दिसतो. शोभेच्या दृष्टीने तो मध्य असेल. वाऱ्याच्या दृष्टीने तो तळ आहे.

जागा पारखण्याची एक बिनखर्चाची रीत सांगतो. तीन मीटर लांबीच्या कळकाला दोन ठिकाणी, एक कमरेच्या उंचीवर आणि एक टोकाशी, हलक्या रेशमी फिती बांधाव्यात आणि तो कळक बागेत निरनिराळ्या जागी रोवून सकाळी, तिसऱ्या प्रहरी आणि दिवेलागणीला पाहावे. वरची फीत एका दिशेस स्थिर पसरते आणि खालची मात्र कधी पुढे, कधी मागे वळवळते, असे दिसले, तर त्या जागी खाली भोवरा आहे. वारा अगदी मंद असेल तेव्हा पेटलेली उदबत्ती हाती घेऊन कुंपणाच्या कडेने चालावे. धुराची रेघ कोठे सरळ जाते, कोठे फाटते आणि कोठे चक्क उलटी येते, हे पाहताना आपल्याच अंगणाचा एक अदृष्ट नकाशा उलगडत जातो. घराचा कोपरा, दोन इमारतींमधील बोळ, फाटकाची उघडी बाजू, अशा ठिकाणी वारा चिंचोळ्या वाटेने येत असल्यामुळे वेग वाढलेला आढळतो, आणि चक्राची उत्तम जागा पुष्कळदा तेथे सापडते.

ऋतूचा विचारही करावयास हवा. कोकणकिनाऱ्यावर दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे जातात. तेथे शेपटीचे चक्र दिवसा पश्चिमेस आणि उत्तररात्री पूर्वेस तोंड करील, आणि हे पाहण्यासाठी पहाटे उठण्याचे श्रम वाया जात नाहीत. पुण्याकडे उन्हाळ्यात दुपार कलल्यावर पश्चिमेचा वारा सुटतो. पावसाळाभर सह्याद्रीच्या दोन्ही अंगांस नैर्ऋत्य-पश्चिमेचा अंमल असतो, आणि हिवाळ्यात तो उत्तर-ईशान्येकडे जातो. एकाच दिशेस तोंड असलेले साधे चक्र लावायचे असेल, तर आपण बागेत कोणत्या ऋतूत, कोणत्या वेळी बसतो, ते ठरवून त्या वेळच्या वाऱ्याकडे त्याचे तोंड करावे.

६. आस, मणी आणि तोल

जत्रेतले भिरभिरे विकणारा कागद आणि काठी यांच्यामध्ये एक लहानसा मणी ओवतो. हा मणी शोभेसाठी नसतो. तो नसता, तर वाऱ्याने मागे रेटलेले चक्र सबंध पाठीने काठीस घासले असते; मण्यामुळे ते घर्षण बोटभर जागेवरून टाचणीच्या टोकाएवढ्या जागेवर येते. घर्षण आसाच्या मध्यापासून जितके दूर, तितका त्याचा विरोध अधिक, हा नियम येथे चालतो. १२ मिलिमीटर जाडीच्या आसाऐवजी ६ मिलिमीटरचा आस बसवला, तर फिरण्यास होणारा विरोध निम्म्यावर येतो. अर्थात चक्राचा भार सोसण्याइतका तो बळकट असला पाहिजे. मोठ्या चक्रांत मण्याचे काम छर्‍यांचे बेअरिंग करते, आणि लहानांत पितळी वायसर पुरतो. थांबलेली वस्तू हलवण्यास, हलती ठेवण्यापेक्षा अधिक जोर लागतो, म्हणूनच गंजलेले चक्र जोराच्या वाऱ्यात एकदा फिरू लागले की फिरत राहते, आणि वारा पडल्यावर एकदा थांबले की झुळुकांना दाद देत नाही. शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब येथे जे काम करतात, ते नवे चक्र आणून होत नाही. दाट वंगण मात्र उघड्यावर वापरू नये; त्यात धूळ बसून काही दिवसांत त्याची कानस होते.

तोलाची कथा याहून महत्त्वाची आहे, कारण तोल बिघडलेले चक्र केवळ अडत नाही, तर आपला खांबही खिळखिळा करते. समजा, एका पात्याचे वजन इतरांहून ५ ग्रॅम अधिक आहे आणि ते अधिक वजन आसापासून २० सेंटिमीटरवर आहे. चक्र मिनिटास १२० फेरे घेत असता ते ५ ग्रॅम आसाला सुमारे १६ ग्रॅम वजनाइतक्या जोराने बाहेर ओढतात. ते कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण वादळी वाऱ्यात फेरे ६०० झाले, म्हणजे पाचपट झाले, की ही ओढ पंचवीसपट होऊन ४०० ग्रॅमवर जाते, आणि तिची दिशा एका सेकंदात दहा वेळा सबंध फिरते. खांबाच्या बुंध्याशी माती सैल होणे, नट आपोआप उकलणे, रात्री खडखडाट होऊन शेजाऱ्यांची झोप मोडणे, या सर्वांचे मूळ त्या ५ ग्रॅमांत असते.

परीक्षा सोपी आहे. वारा नसलेल्या खोलीत चक्र आडव्या आसावर मोकळे सोडावे आणि हलकेच फिरवून थांबू द्यावे. दर वेळी तेच पाते तळाशी येऊन थांबत असेल, तर ते जड आहे. त्याच्या समोरच्या पात्याच्या टोकास मेणाची गोळी चिकटवावी, पुन्हा फिरवावे, गोळी कमी-अधिक करावी, आणि चक्र कोणत्याही जागी निमूट थांबू लागले, की त्या गोळीच्या वजनाचा पत्र्याचा तुकडा पात्याच्या मागे डाख देऊन किंवा रिव्हेटने कायम करावा. जड पात्याची कड कानशीने घासूनही हेच साधते. या कामात घाई करू नये. पुढे वर्षानुवर्षे जो निःशब्द फेर मिळायचा, तो या निवांत तासाभरातून मिळतो.

७. वर चढणारी वळणे

मळसूत्राप्रमाणे कापलेल्या पत्र्याची लोंबती शोभा वाऱ्यावर फिरू लागली, की तिची वळणे एकामागून एक वर चढत आहेत असा भास होतो, आणि मुले तर ती संपत कशी नाहीत, म्हणून तोंडात बोट घालतात. खरे पाहता पत्र्याचा कोणताही बिंदू वर जात नाही. प्रत्येक बिंदू आपल्याच उंचीवर वर्तुळात फिरतो. परंतु आपल्या डोळ्यांना पत्र्याची फक्त समोरची, उजेड पडलेली कडा दिसते, आणि चक्र थोडे फिरले, की समोर येते ती त्याच्याहून किंचित वरची कडा. डोळा या दोन निरनिराळ्या कडांना एकच समजतो आणि ती वर सरकली असा निर्वाळा देतो. दोन वळणांत १० सेंटिमीटर अंतर असेल आणि शोभा सेकंदास एक फेरी घेत असेल, तर उजेडाची रेघ सेकंदाला १० सेंटिमीटर चढताना दिसेल. फिरण्याची दिशा पालटली, तर तीच रेघ उतरू लागेल.

एकामागे एक लावलेली दोन चक्रे परस्परविरुद्ध फिरतात, तेव्हा त्यांत दातेरी चाके दडवलेली असतील असे वाटते. तसे काही नसते. पुढच्या चक्राच्या पात्यांस उजवा पीळ आणि मागच्याला डावा, एवढीच ती युक्ती आहे.

अशी चकाकणारी वस्तू लावल्याने पाखरे फळझाडांपासून दूर राहतील का, असेही पुष्कळ जण विचारतात. काही दिवस राहतात. शेतात चमकदार फिती ताणतात त्या याच भरवशावर. पण पाखरे चतुर असतात, आणि एकाच जागी एकच वस्तू रोज दिसू लागली, की तिचा धाक ओसरतो. पेरू वाचवायचे असतील, तर जाळेच घालावे.

८. लुकामाचा कारागीर

या विषयात ज्याला मी गुरुस्थानी मानतो, तो कोणी शास्त्रज्ञ नव्हता. अमेरिकेच्या उत्तर कॅरोलिना राज्यात लुकामा या खेड्यात १९१९ साली जन्मलेला व्हॉलिस सिम्प्सन हा यंत्रदुरुस्ती करणारा आणि सबंध घरे एका जागेवरून उचलून दुसरीकडे नेणारा कारागीर होता. दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरातील सायपान बेटावर असताना त्याने मोडीत निघालेल्या बी-२९ विमानाच्या सुट्या भागांतून वाऱ्यावर चालणारे कपडे धुण्याचे यंत्र बनवले होते. साठी उलटल्यानंतर, कामधंद्यातून मोकळा झाल्यावर, त्याने आपल्या कार्यशाळेजवळच्या कुरणात अवाढव्य भिरभिरी उभारण्यास आरंभ केला. सायकली, पंखे, जुन्या यंत्रांची चाके, रस्त्यावरच्या पाट्यांचे कापलेले तुकडे, जे भंगारात सापडे ते तो वापरी. पाट्यांच्या चकाकत्या तुकड्यांवर रात्री मोटारींच्या दिव्यांचा झोत पडला, की सबंध कुरण उजळून निघे.

त्याची कित्येक भिरभिरी पाच मजली इमारतीच्या उंचीची आहेत, आणि टनावारी लोखंड मंद वाऱ्यावर हलते, याचे रहस्य आपण आत्ताच पाहिलेल्या गोष्टींतच आहे: उंची, तोल आणि चांगल्या बेअरिंगा. १९९६ साली अटलांटा येथील ऑलिंपिकच्या वेळी त्याची भिरभिरी तेथे मांडली गेली. २०१३ साली, ज्या वर्षी तो वारला, त्याच वर्षी उत्तर कॅरोलिनाने भिरभिऱ्यांना राज्याच्या लोककलेचा अधिकृत मान दिला. आणि २०१७ साली जवळच्या विल्सन शहरात त्याच्या कृतींचा एक सबंध बगीचा लोकांसाठी खुला झाला. तेथे आणण्यापूर्वी प्रत्येक भिरभिरे उतरवून, गंज काढून, रंग आणि बेअरिंगा नव्या करून मगच उभे करण्यात आले, हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. लोखंड उघड्यावर असले, की डागडुजी हाही कलेचाच भाग असतो.

वाऱ्याच्या या कलेचा एक धागा आपल्या देशापर्यंतही येतो. तारेला टांगलेल्या पत्र्याच्या हलत्या शिल्पांसाठी जगप्रसिद्ध झालेला अलेक्झांडर काल्डर १९५५ साली गिरा साराभाई यांच्या निमंत्रणावरून अहमदाबादेस येऊन राहिला आणि त्या मुक्कामात तेथेच त्याने काही शिल्पे घडवली. त्याच्या हलत्या शिल्पांत चक्र नसते, फेर नसतो. केवळ तोल साधलेल्या दांड्या झुळकीसरशी एकमेकींभोवती मंदपणे वळतात. वरच्या भागात मेणाच्या गोळीने आपण जो तोल साधला, त्याचेच ते परिणत रूप होय.

९. वळिवाची तजवीज

वैशाखातील वळीव हा भिरभिऱ्याचा खरा वैरी. दुपारभर पानही हलत नाही, आणि तिसऱ्या प्रहरी ढग भरून येताच जो सोसाटा सुटतो, त्यात शहाणपणाने उभारलेले चक्रही जमीनदोस्त होते. याचाही हिशेब करता येतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो: ताशी १८ किलोमीटरच्या वाऱ्यात दर चौरस मीटरवर दीड किलो, ३६ च्या वाऱ्यात ६ किलो, ७२ च्या वाऱ्यात जवळजवळ २४ किलो. ६० सेंटिमीटर व्यासाच्या, पात्यांनी भरलेल्या चक्रावर शेवटच्या वेगात सुमारे ७ किलोंचा रेटा येतो, आणि चक्र २ मीटर उंच खांबावर असल्यामुळे तरफेच्या न्यायाने बुंध्याशी त्याची कितीतरी पट ओढ पडते. म्हणून खांबाच्या लांबीचा निदान चौथा हिस्सा जमिनीत जावा, खड्ड्यात माती न भरता विटांचे तुकडे आणि खडी ठासावी, आणि काळ्या जमिनीत तर काँक्रीटच घालावे, कारण ती माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात लोण्यासारखी होते.

पात्यांची कड लहान मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर येणार नाही आणि वरून विजेची तार जात नाही, हे खांब रोवण्यापूर्वीच पाहावे. चैत्र संपताना आस तपासून घ्यावा, नटामागे दुसरा नट कसून बसवावा, म्हणजे कंपनाने पहिला उकलणार नाही; आणि आकाश काळवंडू लागले, की एक पाते सुतळीने खांबाशी बांधून टाकावे. समुद्रकाठच्या घरांनी साध्या पत्र्याच्या भानगडीत पडू नये, कारण खाऱ्या हवेत जस्ताचा थरही फार दिवस टिकत नाही. तेथे बेदाग पोलाद घ्यावे किंवा वेळूचीच पाती करून दर वर्षी बदलावीत. पावसाळा उलटल्यावर, वारा ईशान्येकडे वळण्याच्या सुमारास, चक्र खाली उतरवून पुसावे, आसाला तेल द्यावे, मेणाच्या गोळीने तोल पुन्हा पाहावा, कारण पावसाळ्यात गंजलेल्या पात्याचे वजन पहिल्याइतके राहिलेले नसते, आणि मगच ते नव्या दिशेस तोंड करून लावावे.